गरम येतंय का?

नरक चतुर्दशीच्या पहाटे बंबाच्या तोटीखाली हात धरून ‘आलं का गरम?’ असं ओरडत जी पिढी मोठी झाली, तीच आज आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्यामुळे स्विमिंग पूलला सोलर बसलं त्या सकाळी काय होणार, हे ठरलेलंच होतं. चेअरमनकाका पायजमा वर खोचून कडेला उकिडवे बसले, भिंतीतल्या ज्या तोंडातून पाणी परत टाकीत येतं तिथे हात घातला आणि मान हलवली. मग सेक्रेटरी बसले. मग मीही. पाणी गारच होतं. सोलरवाल्याचा पोरगा ‘काका, अडीच डिग्री वाढून येतंय, मीटर बघा’ म्हणत होता. पण बंबाच्या शाळेत शिकलेल्यांना अडीच डिग्री ही थट्टाच वाटली.

त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं हे कळायला आम्हाला दीड हिवाळा लागला.

आधी टाकीची ओळख. पुण्याच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या अलीकडे जी नवी वस्ती झाली, तिथली आमची सोसायटी. पूल साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद, सरासरी खोली एक मीटर वीस. म्हणजे ९० हजार लिटर पाणी. (जुने पुणेकर अजूनही याला ‘टँक’च म्हणतात; पोहायला ‘टँकवर’ जायचं असतं.) डिसेंबरात दुपारी तीस डिग्रीपर्यंत जाणारं पुणं पहाटे अकरा-बारावर उतरतं, आणि उघड्या टाकीतलं पाणी वीस-एकवीसवर येऊन बसतं. स्पर्धांसाठी पाणी २५ ते २८ डिग्री लागतं, असा वर्ल्ड ॲक्वाटिक्सचा नियम. विशीतल्या पाण्यात पोरं निळी पडतात, म्हातारे उतरतच नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाकी नुसती शोभेची.

गंमत अशी की जुन्नर तालुक्यातल्या आमच्या विहिरीत आम्ही डबा बांधून पोहायला शिकलो ते ऐन थंडीत. पहाटे विहिरीतून वाफा निघायच्या आणि पाणी अंगाला ऊबदार लागायचं. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. आपल्याकडे ते पंचविशीत. शिवाय विहिरीचं तोंड लहान, भिंती उंच, वारा पोचत नाही. पूल म्हणजे याच्या नेमकं उलट. सगळा उघडा, सगळा पसरट.

आमचं सोलर क्लबहाउसच्या छतावर आहे. घरच्या सोलरसारखी काच नाही, टाकी नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया, पन्नास चौरस मीटर. खाली एक जाड पाइप, वर एक जाड पाइप, मध्ये शेकडो नळ्या. फिल्टरमधून निघालेलं पाणी टाकीत जायच्या आधी छतावर फिरून येतं, एवढाच कारभार. काच नाही म्हणून नाक मुरडू नये. काच ऊन अडवते, दहातला एक हिस्सा तिथेच परावर्तित होतो. त्या बदल्यात ती आतली ऊब धरून ठेवते. साठ डिग्रीचं पाणी हवं असेल तर हा सौदा परवडतो. पंचवीस-सव्वीसचं पाणी हवं असेल आणि बाहेर दुपारी तीस असेल, तर धरून ठेवायचं काय? हवाच पाण्यापेक्षा गरम. जगभर पूलसाठी ही बिनकाचेची पद्धत चालते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जलतरण केंद्राचं पाणी सोलरवर तापत होतं. व्हाइट हाउसच्या छतावर १९७९ मध्ये जिमी कार्टर यांनी बसवलेल्या ३२ पॅनेलांचं कौतुक सगळे सांगतात, ती १९८६ मध्ये उतरवली गेली हेही सांगतात. पण पुढे धाकट्या बुश यांच्या काळात त्याच आवारात पुन्हा सोलर आलं आणि त्यातलं एक खास पूलसाठी होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

तर आमची कथा.

पहिल्या हिवाळ्यात पाणी तेवीस-चोविसावर अडलं. ‘एवढे पैसे घालून तीन डिग्री’ असा सूर निघाला. त्यातच खजिनदारांनी पंपाला व्हीएफडी बसवून घेतला. व्हीएफडी म्हणजे पंपाचा वेग कमी-जास्त करणारी पेटी. ५० हर्ट्झ म्हणजे पूर्ण वेग. खजिनदारांनी काटा ४२ वर आणला आणि बिल उतरलं. त्यांचं चुकलं होतं असं म्हणवत नाही. पंपाचं गणितच असं मोहात पाडणारं आहे: वेग थोडा कमी केला की वीज भरमसाट कमी होते. ५० चे ४२ केले की विजेचे शंभराचे साठ होतात. बाकीचं गणित मात्र त्या पेटीवर लिहिलेलं नसतं. वेगाबरोबर पंपाची वर ढकलण्याची ताकदही घटते, आणि तीही वेगापेक्षा झपाट्याने. शंभराची सत्तर.

दुसऱ्याच दिवशी टाकीत बुडबुडे यायला लागले. भिंतीतल्या तोंडातून सोडा वॉटरसारखं पाणी. मुलांना मजा, बायकांना शंका, चेअरमनकाकांना धसका. सोलरवाल्यांना फोन गेले; त्यांचा माणूस ‘येतो’ म्हणाला आणि गणपती ते दिवाळी येतच राहिला. शेवटी कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावलं. तो पंपरूममध्ये शिरला, छतावरून परत येणाऱ्या पाइपची चावी तीन-चतुर्थांश बंद केली, आणि बुडबुडे थांबले. गेजचा काटा, जो ०.८५ वर घसरला होता, तो १.१ वर चढला. चेअरमनकाका परत उकिडवे बसले. हात घातला. ‘अरे वा! गरम येतंय की!’

खरंच येत होतं. छत्तीस-सदतीस डिग्री असेल. प्लंबरला दोनशे रुपये वरती मिळाले.

दहा दिवसांत पाणी हिरवट दिसू लागलं. तापमान एका डिग्रीने खाली आलं ते वेगळंच.

मामा आले ते या टप्प्यावर. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हेत. पंपाची कामं करणारे साठीचे गृहस्थ, ज्यांना सगळे मामाच म्हणतात. आयुष्याची पंचवीस वर्षं नारायणगावच्या बाजूला ठिबकची कामं केलेली. द्राक्षं, टोमॅटो, सगळं. पंपरूममध्ये आल्या-आल्या त्यांनी कशाला हात लावला नाही. सँड फिल्टरवरचं गेज पाहिलं, पाइपांवरून नजर फिरवत छतापर्यंत गेले, चटयांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे तर उलटं ठिबक. तिथं पाणी शेवटाला सोडायचं, इथं परत आणायचं. बाकी मेन, सबमेन, लॅटरल, सगळं तेच.”

मग विचारलं, “पाणी किती जातंय?”

“प्रेशर एक किलोच्या वर आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“प्रेशर नाही विचारलं, साहेब. पाणी किती जातंय?”

सगळी मेख या एका प्रश्नात होती आणि आम्ही सगळे, त्यात दोन निवृत्त इंजिनिअर, गप्प बसलो. आमच्याकडे प्रेशर मोजायला गेज होतं. पाणी मोजायला काहीच नव्हतं. महाराष्ट्रातला शेतकरी हे दोन्ही वेगळं ठेवतो, कारण त्याला रोज भोगावं लागतं. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, म्हणजे प्रेशर आलं. पण बादली भरायला दुप्पट वेळ लागतो. प्लंबरने अंगठाच दाबला होता. काटा चढला तो पंप जोरात चालला म्हणून नाही, पाण्याची वाट अडली म्हणून.

मामांनी पाइपवर रोटामीटर बसवला. उभी पारदर्शक नळी, आत एक तरंगणारा गोळा, बाजूला लिटरचे आकडे. पंप सुरू केला. गोळा जेमतेम हलला आणि ३५ वर थबकला. मिनिटाला ३५ लिटर. आमच्या पन्नास चौरस मीटर चटयांना चौरस मीटरमागे चार लिटर, म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर जायला हवे होते. दोनशेने ९० हजार लिटरची टाकी साडेसात तासांत एकदा फिल्टरमधून फिरते. पस्तिसाने? त्रेचाळीस तास. पाणी हिरवट का झालं, हे मामांना कोणाला सांगावं लागलं नाही. क्लोरिन ओतत राहिलो ते वेगळं.

आता त्या गरम पाण्याचं. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला, कारण माझा हात अजून त्या सदतीस डिग्रीच्याच बाजूने होता. दुपारच्या उन्हात मिनिटाला दोनशे लिटर सोडले तर पाणी पावणेतीन डिग्रीने वाढून येतं. पस्तीस लिटर सोडले तर तेरा-चौदा डिग्रीने. पण पहिल्यात पाणी जवळजवळ सहापट. गुणाकार केला तर छतावरून खाली येणारी एकूण उष्णता पहिल्या वेळी ३८ किलोवॉट आणि दुसऱ्या वेळी ३३. जे पाणी छतावर रेंगाळून तापतं, ते तापल्यावर आपली ऊब वाऱ्याला वाटत बसतं. काळी चटई जितकी गरम, तितकी ती हवेत उधळते. भरभर गेलेलं पाणी चटईला गार ठेवतं आणि ऊन उचलून आणतं. शिवाय पाणी कमी असलं की सगळ्या नळ्यांत सारखं चढत नाही, काही नळ्या कोरड्याच राहतात. ते नुकसान माझ्या कागदावर आलंच नव्हतं.

म्हणजे गरम येत होतं तेव्हा कमी येत होतं.

आणि हात? हाताच्या कातडीचं तापमान असतं तेहेतिसाच्या आसपास. त्याखालचं सगळं पाणी त्याला गारच लागणार. सत्तावीस डिग्रीचं, पोहायला उत्तम पाणी बोटांना थंड लागतं आणि सदतीसचं सुखद. बंबाशी हाताचं नातं बरोबर होतं, कारण बंबाला एक बादली कढत हवी असते. नव्वद हजार लिटरला एक डिग्री चढवायला १०५ युनिटांइतकी उष्णता लागते, तिथे बोटं काय सांगणार.

बुडबुड्यांचं कारण छतावर होतं. मामांबरोबर मी शिडीने वर गेलो. चटयांच्या वरच्या पाइपवर, अगदी उंच जागी, मुठीएवढा एक काळा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह होता. कान जवळ नेला तर बारीक सूं-सूं. हवा आत ओढत होता. हा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह मुद्दाम बसवलेला असतो: पंप बंद झाला की त्यातून हवा शिरते आणि छतावरचं पाणी सुटून खाली येतं. तो नसेल तर खाली ओढलं जाणारं पाणी मागे पोकळी करतं आणि उन्हाने मऊ पडलेल्या नळ्या चपट्या होतात. ठिबकवाल्यांना हा एअर व्हॉल्व्ह चांगला ओळखीचा. मोटर बंद झाली की लॅटरल माती ओढू नयेत म्हणून तोही हेच करतो.

पण पंप चालू असताना त्याने उघडायचं नाही. आणि इथे पाण्याची एक गंमत आहे. छत टाकीच्या पाण्यापेक्षा सात मीटर वर. पंपाला पाणी सात मीटर चढवावं लागतं खरं, पण पाइप एकदा भरले की उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढून घेतं. रहाटाची एक बादली उतरताना दुसरीला चढवते तसं. उतरत्या पाइपातलं हे ओढणं जास्त झालं की माथ्यावर प्रेशर शून्याखाली जातं. ५० हर्ट्झवर पाणी इतक्या जोरात परत येत होतं, की परतीच्या पाइपातल्या आणि तोंडांतल्या अडथळ्यानेच माथ्यावर थोडं प्रेशर टिकत होतं. खजिनदारांनी ४२ केले, पाणी मंदावलं, अडथळा कमी झाला, माथा उणे झाला, व्हॉल्व्ह उघडला, टाकीत सोडा वॉटर. प्लंबरने परतीची वाट आवळली, माथा पुन्हा अधिक झाला, व्हॉल्व्ह मिटला. त्याने बुडबुडे थांबवले हे खरंच. किंमत पाण्याने मोजली.

मामांनी व्हॉल्व्ह माथ्यावरून काढला आणि चढत्या पाइपवर, भिंतीच्या अंगाने, चार मीटर खाली आणून बसवला. पंप चालू असताना त्या जागी ओढ पोचत नाही, आणि पंप बंद पडला की हवा द्यायचं काम तो तिथूनही करतो. एवढ्या एका टी-साठी अर्धा दिवस गेला, कारण आधीच्यांनी पाइप भिंतीला इतका चिकटवला होता की करवतीचं पातं फिरायला जागा नव्हती. मामा शिव्या देत नाहीत. नुसतं ‘हं’ म्हणतात. त्या दिवशी बऱ्याचदा म्हणाले.

उंच इमारतींच्या लोकांनी मात्र आमची नक्कल करू नये. उतरतं पाणी चढत्याला ओढतं ते हवेच्या दाबाच्या जिवावर, आणि तो दाब समुद्रकाठी दहा मीटर पाण्याएवढा, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. अकराव्या मजल्याच्या गच्चीवर चटया टाकल्या तर ती साखळी मध्येच तुटते. तिथे पंपाला सगळी उंची स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते आणि सगळं गणित बदलतं.

मग फिल्टर. सँड फिल्टरवर चुन्याने काही लिहिलं होतं ते पुसून मामांनी ऑइल पेंटने लिहिलं: ‘स्वच्छ – १.२’. चावी पूर्ण उघडी, पंप ५० वर, वाळू नुकतीच उलटी धुतलेली असताना काटा जिथे थांबला तो हा आकडा. काटा इथून अर्धा किलो वर गेला की बॅकवॉश. आमच्याकडे बॅकवॉश शनिवारी व्हायचा, कारण वॉचमनला शनिवारी वेळ असतो. आणि पंपाच्या तोंडाशी जाळीची जी टोपली असते, ती उघडली तेव्हा त्यात केस, पिंपळाची पानं, दोन रबरबँड आणि लहान मुलाचा एक गॉगल निघाला. तो गॉगल कोणाचा यावर व्हॉट्सॲपवर दोन दिवस चर्चा झाली. पंप पाणी उचलत नाही म्हणून जे आम्ही विजेला आणि सोलरला दोष देत होतो, त्यातला काही हिस्सा त्या गॉगलचा होता.

खजिनदारांची समजूत घालणं सगळ्यात अवघड. त्यांचा मुद्दा आकड्यांचा होता, म्हणून आकड्यांनीच बोलावं लागलं. पंप दोन एचपीचा. ५० वर तासाला एक पूर्णांक आठ युनिट खातो. ऊन असलेले सहा तास पूर्ण वेगाने चालवला तर ११ युनिटं. तेवढ्या वेळात छत खाली आणतं १८० च्या आसपास युनिटांची उष्णता. ४२ वर चालवून वाचतात साडेचार, आणि चावी आवळल्यामुळे जातात चोवीस. “मग ऊन नसेल तेव्हा कमी करा की!” मामा म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ नुसतं फिल्टर चालवायचं, छतावर पाणी न्यायचंच नाही. तेव्हा ३५ वर ठेवा. गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर आणि सपाटीला चौथ्यावर, एवढंच आहे.” ३५ वर विजेचा खर्च शंभराचा पस्तीस. वहीत मांडल्यावर नवी पद्धत खजिनदारांच्या पद्धतीपेक्षा दिवसाला दोन युनिटं महाग पडली. ते दोन युनिटांबद्दल अजून बोलतात.

छतावर एक सेन्सर आहे, पंपाच्या ओढीच्या पाइपात दुसरा. छत पाण्यापेक्षा चार-पाच डिग्रीने गरम झालं की तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आपोआप फिरतो, पाणी वर जातं आणि पंप ५० वर येतो. फरक दीडच्या खाली आला की सगळं परत. सेन्सर आणि व्हॉल्व्हची यंत्रणा पहिल्या दिवसापासून होती. ओढीच्या पाइपातला सेन्सर सोलरवाल्यांनी उन्हात लोंबकळत सोडला होता, इतकंच.

एवढं होऊनही पाणी पंचविसावर अडलं. चोवीस तासांचा आलेख काढला तेव्हा कळलं: दिवसा दीड-पावणेदोन डिग्री चढायची, रात्री तेवढीच उतरायची. इथे माठ आठवायला हवा. माठाच्या अंगावरून पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं. आपला पूल म्हणजे पंचाहत्तर चौरस मीटरचा उघडा माठ. पृष्ठभागावरचं एक मिलिमीटर पाणी उडालं की आमची अख्खी टाकी अर्ध्या डिग्रीने गार होते. कोरड्या डिसेंबरात, टेकडीवरून वारा उतरत असताना, एक मिलिमीटर काहीच नाही. छताने दिवसभर कमावलेलं टाकी रात्रभर उडवत होती.

उपाय प्लॅस्टिकचा होता आणि अगदी साधा: फुगे असलेल्या निळ्या शीटचं पांघरूण, गुंडाळायला एक रूळ. संध्याकाळी ओढायचं, सकाळी काढायचं. सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि सर्वांत शेवटी घेतली तीही हीच, कारण पांघरुणात दाखवण्यासारखं काही नसतं. पॅनेलपुढे उभं राहून फोटो काढता येतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी साडेसव्विसावर आलं. सकाळी सहाला ते निळं शीट रूळावर गुंडाळायला लागलं की खालून धूर निघावा तशी वाफ निघते. मला दरवेळी आमची विहीर दिसते.

शेवटच्या दिवशी मामांनी परतीच्या चावीचा लाल दांडा पाना लावून काढला आणि पिशवीत टाकला. चावी पूर्ण उघडी, फिरवायला हातात धरायला काही नाही.

“कोणी बंद करायचं म्हटलं तर?” मी विचारलं.

“मला फोन करतील.”

त्याच वेळी काठावर चेअरमनकाका उकिडवे बसले होते, बाही वर करून, कोपरापर्यंत हात पाण्यात. “मामा,” ते ओरडले, “गारच येतंय हो!”

मामांनी रोटामीटरकडे पाहिलं. गोळा २०० च्या रेघेवर थरथरत होता. “येऊ द्या,” ते म्हणाले आणि पंपरूमचा दिवा बंद केला.